आत्याच्या नावावरची थरथर

मी एका जुन्या मोटारीचा शाफ्ट बोलतोय. गाडीच्या पोटाखाली असतो, म्हणून तुम्ही मला ओळखत नसाल. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत मी पोचवतो. फोटो काढताना मात्र सगळे पुढच्या चकचकीत जाळीला टेकून उभे राहतात.

या घरची मुलगी दूर देशी शिकून परतली, ती मनात एक चित्र घेऊन. आजोबांची गाडी जिवापाड जपणारं घर, पुढे बाबा आणि काका, मागे आत्या आणि ती, सगळे मिळून लांब फिरायला. प्रत्यक्षात काय दिसलं? गाडी आरशासारखी लख्ख, बाबा-काका पुढे ऐटीत आणि आत्या मागून बसने!

"आत्या, तू का नाही बसत गाडीत?"

"मी बसले की गाडी थरथरते म्हणे. अगं, रस्तेसुद्धा माझ्यामुळेच खचलेत, विचार तुझ्या बाबांना."

गंमत म्हणजे आजोबांनी गाडी शिकवली ती आधी आत्याला. पण आजोबा गेले आणि किल्ली बाबांच्या खुंटीवर गेली.

आता माझं खरं दुखणं सांगतो. मी दोन तुकड्यांचा. एक दुसऱ्यात सरकतो. ते नेमके कसे जुळवायचे हे कळावं म्हणून कारखान्यातच दोन्हींवर बाण कोरले होते. बाण समोरासमोर आले की मी शांत. एका रविवारी बाबा-काकांनी झिजलेले जॉइंट बदलायला मला उतरवलं. इथवर ठीक. पण दोघांनाही दुरुस्तीपेक्षा रंगाची हौस दांडगी. जन्मभर जमिनीकडे बघणाऱ्या मला त्यांनी काळाकुळकुळीत रंग फासला. बाण रंगाखाली गडप झाले आणि मला अंदाजपंचे जोडलं गेलं.

त्या दिवसापासून वेग घेतला की मी थरथरू लागलो. आपलं चुकलं असेल? छे! आधी गिअरबॉक्सवर आळ आला. त्या बिचाऱ्याचं पोट फाडून पुन्हा बंद केलं. मग टायर, मग रस्ता. शेवटी नजर मागच्या सीटवर गेली. तिथे आत्या बसली होती. झालं, गुन्हेगार सापडला! तिला उतरवल्यावरही थरथर थांबेना, तेव्हा काका म्हणाले, "अक्का बसून बसून स्प्रिंगाच बसल्यात."

परतल्यावर हे सगळं ऐकून मुलगी पेटली. जेवणाच्या टेबलावर तिने न्याय, विज्ञान आणि बाईचा सन्मान यांवर भाषण ठोकलं. ऐन रंगात काकांनी मीठ मागितलं.

मग मात्र तिने तोंड मिटलं, बाह्या सरसावल्या आणि ती थेट माझ्याखाली शिरली. माझ्या दोन टोकांचे, जॉइंट धरणारे फाटे रुसलेल्या भावांसारखे वेगवेगळ्या दिशांना तोंडं करून होते. तिने रंग खरवडला. बाण उघडे पडले.

"बाबा, हे बघा."

बाबा वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले. "ती कंपनीची नक्षी असेल," ते म्हणाले. मग हळूच, "हे बघ, इतक्या वर्षांनी आता अक्काला काय तोंडाने सांगायचं?"

तिने बाण समोरासमोर आणून मला जोडलं आणि संध्याकाळी आत्याला हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं. बाबांनी वेग वाढवला. मी लोण्यासारखा फिरलो. आता बाबा चूक कबूल करणार, असं वाटून मुलगी पुढे सरकून बसली.

बाबांनी आरशातून मागे पाहिलं. "अक्का, तू बारीक झालीस हं!"

आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हो ना. रंग खरवडला की वजन उतरतं."

मुलीकडे रात्री दुसरं भाषण तयार होतं. सकाळी तिने ते गिळलं. खुंटीवरची किल्ली काढून आत्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "आजपासून गाडी तू चालवायची. मी शेजारी बसणार."

बाबा-काका निमूट मागे बसले. आत्याने आरसा नीट केला. "सावकाश टेका रे, स्प्रिंगा जपा."

माझं मागणं एवढंच, माझ्या बाणांवर पुन्हा रंग फासू नका. मी शांत आहे. थरथरायची पाळी आता मागच्या दोघांची.