खिडकी जिंकून देणारं झाकण

मित्रांनो, मी ज्याच्यापुढे जाऊन बसतो, सत्ता त्याची असते. मी उठून पुढे सरकलो की आधीच्याचा चेहरा उतरतो आणि नंतरच्याची मान ताठ होते. भल्याभल्यांनी माझी वाट पाहिली आहे. मी एक जुनं झाकण आहे. मानदुखीच्या मलमाचं.

माझा जन्म पत्र्याचा. कारखान्यातल्या एका यंत्राने दणका देऊन मला गोल केलं, दुसऱ्याने पाठीवर हिरवा रंग फासला आणि त्यावर ‘हळुवार चोळावे’ असं छापून मला जगात सोडलं. मग मी घड्याळकाकांच्या डबीवर बसून इमानेइतबारे नोकरी केली. घड्याळकाका घड्याळं दुरुस्त करतात. दिवसभर डोळ्याला भिंग आणि मान खाली, त्यामुळे त्यांना घड्याळांच्या खालोखाल गरज माझ्या डबीची.

ते बसतात ती खोली लांबट आहे आणि तिला खिडकी एकच. त्या खोलीत तीन धंदे नांदतात: काकांची घड्याळं, छत्रीवाल्या भाऊंच्या छत्र्या आणि शिंपीणकाकूंचं शिवणकाम. काकूंच्या हाताखाली काजं करायला त्यांची नणंद असते. तिघांचंही काम बारीक, उजेड मात्र एकाच्याच वाट्याचा. त्यामुळे रोज सकाळी खिडकीवरून वाजायचं. शेवटी भाऊंनी तोडगा काढला. तरुणपणी ते जहाजावर होते आणि तिथून पोकर शिकून आले होते. वर्षातून एका रविवारी डाव मांडायचा, पैशांऐवजी काकूंच्या डब्यातल्या गुंड्या लावायच्या आणि सगळ्या गुंड्या जिंकेल त्याची वर्षभर खिडकी.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला दोन पत्ते लपवून मिळतात आणि मध्ये पाच पत्ते उघडतात, ते सगळ्यांचे; हातातल्याशी जुळून जोडी लागली की ती सुट्या पत्त्यांना मारते, आणि मोठी जोडी लहान जोडीला. हात पसंत पडला तर गुंड्या लावायच्या, नाही तर पत्ते टाकून स्वस्थ बसायचं. आता कोणी आधी बोलायचं आणि कोणी शेवटी, यासाठी खूण हवी होती. भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचललं. डबीला कागदाचा तुकडा मिळाला आणि मला बढती. मी ज्याच्यापुढे, तो सगळ्यांच्या शेवटी बोलतो. त्याच्या डावीकडचा सगळ्यांच्या आधी. दर डावाला मी एक घर सरकतो.

खिडकी वर्षानुवर्षं घड्याळकाकांचीच राहिली. कारण काकू कोणताही हात टाकत नसत. ज्या बाईने जन्मात चिंधी फेकली नाही, ती दुर्री-सत्ती कशी फेकणार? असू दे, लागेल कुठेतरी, असं म्हणत त्या प्रत्येक डावात उतरायच्या आणि चहाच्या आत त्यांच्या गुंड्या संपायच्या.

यंदा मात्र गळ्याशी आलं होतं. कोपऱ्यातल्या दिव्याखाली काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना. एका वकिलांच्या कोटाची बाही वाकडी गेली आणि वकीलसाहेब जरा घसा साफ करून म्हणाले, पुढचे कोट दुसरीकडे टाकावे म्हणतो. आणखी एक वर्ष कोपऱ्यात गेलं तर कोट सोडून पिशव्या शिवायला घ्याव्या लागणार, हे काकूंनी नणंदेला सांगितलं.

नणंद काजं करता करता म्हणाली, “वहिनी, ही चिंधी कशाला ठेवलीस?”

“आतल्या खिशाला होईल.”

“आणि कॉलरला?”

“कॉलरला कशी चालेल? ती चारचौघांत दिसते.”

“मग पत्त्यांत का चालवतेस? पहिलं बोलायची पाळी तुझी असते ना, ती कॉलर समज. तुझ्यामागून सगळे बोलायचे असतात. तिथे एक्का-राजा, मोठ्या जोड्या, असलं अस्सल कापड असेल तरच हात घाल. झाकण तुझ्यापुढे आलं की तो आतला खिसा. सगळ्यांचं ऐकून झालेलं असतं, तिथे सत्ती-अठ्ठीसुद्धा खपते.”

मित्रांनो, इतकी वर्षं मी त्या टेबलावर होतो. माझं इतकं महत्त्व मलाही ठाऊक नव्हतं.

काकूंना पटलं, पण त्यांनी विचारलं, समोरच्याचे पत्ते मला कसे कळावेत? नणंदेने उलट विचारलं, गिऱ्हाईक दारात आलं की टेप न लावता तू काय म्हणतेस? काकू म्हणाल्या, छाती छत्तीस ते चाळीस. “मग पत्त्यांचंही तेवढंच म्हण, अमुक ते तमुक,” नणंद म्हणाली. “नेमका आकडा कोणी मागितलाय?”

रविवारी डाव बसला आणि काकू पत्ते टाकू लागल्या. टाकले, पुन्हा टाकले, टाकतच राहिल्या. घड्याळकाकांना राहवेना. “काय शिंपीणबाई, आज खेळायला आलात की झाडलोट करायला?”

काकूंनी आणखी एक हात टाकला. पण मी त्यांच्यापुढे आलो की त्या हळूच उतरायच्या आणि कॉलरच्या जागी उतरल्या तर भारी कापड घेऊनच. भाऊ थापा मारण्यात पटाईत, ते एका थापेत सगळ्या गुंड्या घालवून चहा ठेवायला उठले. उरले दोघे, गुंड्या जवळपास सारख्या.

मी काकूंपुढे होतो. काकूंच्या हातात अठ्ठीची जोडी. काका आधी बोलले, त्यांनी मूठभर गुंड्या लावल्या आणि काकूंनीही तेवढ्याच लावल्या. मधले पाच पत्ते उघडले, सगळे किरकोळ, अठ्ठीच्या खालचे, राजा-राणीचं चित्र एकही नाही. काकांनी उरलेल्या सगळ्या गुंड्या पुढे लोटल्या आणि भिंग पुसत बसले.

काकूंचा हात पत्ते टाकायला उचलला गेला. मग त्यांनी काकांकडे खांद्यापासून कमरेपर्यंत पाहिलं आणि पुटपुटल्या, “छत्तीस ते चाळीस.”

“काय म्हणालात?”

“काही नाही. तुमचं माप घेतलं.”

काका घड्याळासारखे नेमके. आधी बोलायची पाळी असली की एक्का नाही तर चित्र असल्याशिवाय गुंडीला हात लावत नाहीत. त्यांच्या हातात असू शकतील अशा पत्त्यांच्या गाठोड्यात अठ्ठीला मारतील अशा मोठ्या जोड्या होत्याच. पण एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी अशी सुटी मंडळी त्याहून पुष्कळ, आणि मधल्या पाच पत्त्यांत त्यांचं कोणी नातेवाईक आलं नव्हतं. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला पिशव्या. काकूंनी डबा उपडा करावा तशा सगळ्या गुंड्या लोटल्या.

काकांनी पत्ते उलटले. एक्का आणि राणी. जोडी नाही, काही नाही.

नणंदेने हातातलं काज तसंच सोडलं. भाऊ चहाची किटली घेऊन दारातच थिजले. काकांनी अठ्ठ्या भिंग लावून पाहिल्या, दोन्ही खऱ्या निघाल्या. “माप बरोबर घेतलंत,” ते म्हणाले आणि शिवणयंत्र उचलायला स्वतःच उठले. यंत्र खिडकीशी निघालं तेव्हा भाऊंनी घरातल्या घरात छत्री उघडून त्यावर धरली. सोमवारी काळ्या कापडावर काळा दोरा असा दिसला की काकूंनी बाहीची शिवण एका दमात पूर्ण केली. तो कोट घालून वकीलसाहेब आरशापुढून हलेनात. जाताना आणखी दोन कोटांचं कापड टाकून गेले.

तेव्हा मित्रांनो, हातात काय आलं हे बघण्याआधी आपण कुठे बसलो आहोत ते बघावं आणि टाकायचं ते वेळेवर टाकावं. एका झाकणाच्या आयुष्याचं याहून मोठं सार्थक ते काय?

फक्त एक करा. काका आता कोपऱ्यात बसतात आणि त्यांची मान जास्तच धरते. डबीवरचा कागद फाटलाय, मलमात दोऱ्याचे तुकडे पडतात. पुढचा डाव वर्षाने आहे. तोवर कोणीतरी मला तेवढं डबीवर बसवा. मलम सुकत चाललंय.