गोठ्यात गाई किती?

माझी नणंद ताबुतानी केनियातल्या एल्डोरेटच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होती. आता निवृत्त झाली, पण खुर्ची काही तिच्या अंगातून गेली नाही. ती माझ्या लेकीची परीक्षा घ्यायला आली, त्या दिवसाचा राग अजून माझ्या डोक्यात आहे आणि तो घालवायची मला घाईही नाही.

चेमेली बोटांवर मोजते म्हणून शाळेतल्या बाईंनी तिच्या बोटांवर पट्टी मारली. पोर अंथरूण ओलं करायला लागली. मी तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. बेरीज-वजाबाकी राजम्याच्या दाण्यांनी. मापं उगालीच्या मक्याच्या पिठाने. मांडाझी तळायच्या दिवशी भागाकार : धाकट्या किगेनला किती, आपल्याला किती, आणि उरलंच तर बाबांना. दूध तुंब्यात आंबायला घातलं की रोज हुंगायचं आणि काय बदललं त्याचं चित्र काढायचं. पोर हसत शिकत होती. पण माझ्या नवऱ्याने, किमायोने, मला न विचारता बहिणीला शब्द देऊन टाकला : परीक्षेत नापास झाली तर जानेवारीत चेमेली वसतिगृहात जाईल.

वन्सं खुर्चीत बसल्या. चेमेली समोर उभी राहिली.

“सोपं विचारते. तुमच्या गोठ्यात गाई किती?”

चेमेली गप्प.

आमच्यात गुरांचा आकडा तोंडाने काढत नाहीत. काढला की गुरं घटतात. गाय ओळखायची ती नावाने, रंगाने, शिंगांच्या वळणाने. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि वन्सं तर याच अंगणात वाढल्या.

“बरं, गाई राहू देत. तुम्ही भावंडं किती?”

पोरीने माझ्याकडे पाहिलं. हे तर त्याहून वाईट. माणसं कोण मोजतं?

“बघ, किमायो,” वन्सं म्हणाल्या. “पोरीला दोनपर्यंत मोजता येत नाही. दाणे टाकून कोंबड्या वाढवतात, पोरं नाही.”

किमायो चहाच्या कपात बघत राहिला. तोही याच अंगणातला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“वन्सं,” मी म्हटलं, “तुमची मुलं किती?”

“हे काय विचारतेस, जेरोतिच?”

“सोपंच तर आहे. आकडा सांगा.”

त्यांनी तोंड उघडलं. आकडा आला नाही. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “किप्लेटिंग. जेमुताई. किपरोनो. चेरुतो.”

चेमेलीने राजम्याच्या टोपलीतून प्रत्येक नावाला एक दाणा उचलला, आत्याच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटवली.

“मनात मोज, आत्या. मोठ्याने नको.”

वन्संनी मूठ उघडली. टोपलीत हात घालून आणखी एक दाणा स्वतः उचलला आणि त्या दाण्यांत ठेवला. त्यांचा थोरला तापाने गेला, त्याचं नाव त्या घेत नाहीत.

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. या बाईने माझ्या पोरीला तिच्याच घरात मठ्ठ ठरवलं होतं.

वन्सं उठल्या. “वसतिगृहाला कळव,” त्या भावाला म्हणाल्या. “चेमेली येणार नाही म्हणावं.”

“म्हणजे पास झाली?” किमायोने विचारलं.

“ती झाली. नापास आपण दोघं झालो. ती का गप्प आहे, हे तुला ठाऊक होतं ना?”

किमायो पुन्हा कपात बघायला लागला. मी त्याच्यापुढचा कप उचलून नेला. वन्सं बाहेर पडल्या. मातातूच्या गाडीत चढताना त्यांनी एकाच हाताने दांडा धरला, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेलीच होती.