बोर्ड फुगला नव्हता

मित्रांनो, मी कळंबच्या गोरखभाऊंच्या घरातला एक जुना कॅरम बोर्ड आहे. सध्या माझा मुक्काम कपाटामागे, भिंतीला टेकून. माझी एका कोपऱ्यातली जाळी फाटली आहे. राणी तर केव्हाच हरवली. तिच्या जागी नेलपॉलिश फासलेली एक सोंगटी मिरवत असते. ही तक्रार नाही बरं का. म्हातारपणी ओळख करून द्यायची म्हणजे आधी दुखणी सांगावी लागतात, एवढंच.

माझा जन्म पुण्यातल्या एका कारखान्यात झाला. प्लायवूड घासून घासून मला गुळगुळीत केलं, भोवती जाड लाकडी चौकट ठोकली आणि मी गावच्या तरुण मंडळात दाखल झालो. काय थाट होता माझा! डोक्यावर टांगलेला बल्ब, बाजूला पावडरचा डबा, खेळणारे मोजके आणि शिकवणारे भरमसाट. पुढे मंडळानं नवा बोर्ड घेतला, तेव्हा गोरखभाऊ मला टेम्पोत घालून बल्बसकट घरी घेऊन आले.

आमच्या जातीची एक खोड तुम्हाला सांगून ठेवतो. पावसाळ्यात हवेतली ओल आमच्या अंगात शिरते आणि आम्ही फुगतो. सोंगट्या अडखळतात, स्ट्रायकर निम्म्या वाटेत दम टाकतो. पण म्हणून मला कुणी कधी आळशी म्हटलं नाही. "बोर्ड फुगलाय राव, शेका त्याला," म्हणायचे, बल्ब खाली ओढायचे आणि मला ऊब द्यायचे. थोड्या वेळानं मी पुन्हा माणसात यायचो.

घरी माझा खरा धनी कोण झाला असेल, तर गोरखभाऊंची लेक आरोही. पाय लोंबकळत ठेवून खुर्चीत बसायची तेव्हापासून तिला माझ्यावरच्या रेषा दिसायच्या. ज्या आखलेल्या नव्हत्या, त्यासुद्धा. "बाबा, ही सोंगटी हितं धडकून तिकडच्या जाळीत जानार," असं ती आधीच सांगायची आणि सोंगटी निमूटपणे तशीच जायची. शाळेतही तेच. गुरुजी गणित फळ्यावर लिहीपर्यंत हिचं उत्तर तयार. मंचरला तालुक्याची स्पर्धा जिंकली तेव्हा गावात तिचा फ्लेक्स लागला. त्या फ्लेक्समध्ये कोपऱ्यात मीही दिसत होतो. मला फार अभिमान वाटला.

पण तिचं वागणं हळूहळू बदलत गेलं. कधी कधी आठवडाभर तिच्या अंगात वारं भरल्यासारखं व्हायचं. एका दमात दहा गोष्टी बोलायची, झोप म्हणून घ्यायची नाही. मग असे दिवस यायचे की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि शाळेत गेलीच, तर डबा भरलेलाच परत यायचा. तिची आई, रुपालीताई, काळजीनं म्हणायची, "आवो, पोरगी जेवत न्हाई, बोलत न्हाई. कुनाला तरी दाखवूया."

"लई हुशार मानसं आशीच आसत्यात," गोरखभाऊ म्हणायचे. "तिच्या डोक्यात काय चाललंय, ते तुला न् मला काय कळनार?" आवाजात कौतुक असायचं. त्या कौतुकानंच घात केला.

अकरावीच्या दिवाळीनंतर तिची बोटं बदललेली मला जाणवली. टेकलेलं बोट गरम लागायचं, जाड लागायचं. फटका मारला की हात दचकून मागे जायचा. पुण्याची जिल्हा स्पर्धा तोंडावर आली होती आणि तिचा स्ट्रायकर मध्येच थांबत होता.

"बाबा, बोटं दुखत्यात," ती एकदा म्हणाली. "सकाळी तर वेनीबी घालता येत न्हाई."

"बोर्ड फुगलाय गं. जोर लावावा लागतो, मंग दुखनारच," गोरखभाऊ म्हणाले आणि लगेच कामाला लागले. बल्ब खाली ओढला, मला शेकलं, बारीक पॉलिश पेपरानं घासलं, नवी पावडर टाकली. जीव ओतून केलं हो सगळं. पण मित्रांनो, हवा कोरडी ठणठणीत होती. मी अजिबात फुगलो नव्हतो. फुगलेलं जे होतं, ते बल्बच्या त्याच उजेडात माझ्या चौकटीवर टेकलेलं होतं. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

पुण्याला ती डाव अर्धा टाकून उठून आली. गावात लोक म्हणाले, "हुशारीचा माज, दुसरं काय!" ते तिच्या कानावर गेलं. त्यानंतर तिनं मला हात लावला नाही. कॉलेजही सुटलं.

पुढच्या उन्हाळ्यात मामाचं लग्न निघालं. रुपालीताईनं हिरव्या बांगड्या माझ्यावरच मांडल्या आणि लेकीचा हात हातात घेतला. नेहमीच्या मापाची बांगडी बोटांच्या सांध्यांपाशीच अडली. आरोही कळवळली. रुपालीताईनं एकेक बोट चाचपून पाहिलं, बांगड्या तिथंच टाकल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "ही सूज आजची न्हाई. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

डॉक्टरबाई काय म्हणाल्या, ते रुपालीताई बहिणीला फोनवर सांगत होती तेव्हा मला कळलं. "सांध्यांची सूज हाय. आन् मनाचाबी आजार हाय, त्याला येगळा डॉक्टर दिलाय. बाई म्हनल्या, ह्या दोन्हींचं आपसात नातं आसू शकतं, त्येचा आभ्यास चाललाय. लई तल्लख पोरांना हे जास्त व्हतं का, तेबी शोधत्यात, पन पक्कं आजून कायच न्हाई. म्हनल्या, सगळं हुशारीवर ढकलून बसू नका. आदी आनली आसती, तर बोट वाकडं व्हायचं वाचलं आसतं, आसंबी म्हनल्या गं."

एवढं सांगून तिनं फोन ठेवला.

औषधांनी सूज उतरली. मनाच्या औषधांना वेळ लागला, पण आरोही पुन्हा जेवू लागली, हसू लागली. सुटलेलं कॉलेज तिनं पुन्हा धरलं आणि आता ती पुण्यात गणित शिकते. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मात्र वाकडंच राहिलं.

मध्यंतरी ती सुट्टीला आली होती. एका दुपारी गोरखभाऊंनी मला बाहेर काढलं, पुसलं, बल्ब लावला. आरोहीनं स्ट्रायकर ठेवला. बोट सरळ होईना. तिनं तसाच फटका मारला. स्ट्रायकर माझ्या मध्यापर्यंत आला आणि थांबला.

"बोर्ड जरा..." गोरखभाऊंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"बाबा," आरोही हळूच म्हणाली, "बोर्ड चांगलाय."

गोरखभाऊंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं एखादं हुशार पोर गप्प झालं, चिडचिडं झालं, कुठं दुखतंय म्हणालं, तर 'ते असंच आहे' म्हणून पुढे जाऊ नका. घरातल्या मोठ्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्यायला लावा. आणि ते पोर तुम्ही स्वतःच असाल, तर एकदा सांगून कुणी ऐकलं नाही म्हणून थांबू नका. मी फुगलो की बल्ब खाली ओढायला कुणी कधी उशीर केला नाही. मी तर नुसतं लाकूड आहे.