डेन्झिलच्या अ‍ॅम्प्लिफायरमधली खोट

वॉलरू या बंदरगावातल्या एका शेडमध्ये निवृत्त पुरुष जमत. कोणी मोडक्या खुर्च्या दुरुस्त करी, कोणी नातवंडांसाठी लाकडी गाड्या बनवी, आणि मागच्या कोपऱ्यातल्या पाचसहा जणांना व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांच्या, अ‍ॅम्प्लिफायरचं वेड होतं. त्यांची एक रीत होती. महिन्यातून एका शनिवारी ज्याची पाळी असेल त्याने आपला नवा अ‍ॅम्प्लिफायर आणायचा, रेकॉर्ड लावायची आणि तोंड मिटून बसायचं. बाकीच्यांनी ऐकून एक तरी खोट काढायची. खोट काढणं हाच तिथला मान होता. आजवर एकाच माणसाच्या अ‍ॅम्प्लिफायरला कोणी नावं ठेवली नव्हती, आणि तो बिचारा इस्पितळातून सगळ्यांना शेवटचं भेटायला आला होता.

त्या जुलैत डेन्झिल ट्रेझाइसची पाळी होती. बंदरावर इलेक्ट्रिशियन म्हणून त्याचा जन्म गेला होता. माणूस तिरसट, पण हाताला वळण असं की पेटी उलटी करून आतल्या ताराच बघत बसावं. वर्षभर खपून त्याने हा अ‍ॅम्प्लिफायर केला होता. ट्रान्सफॉर्मर कसे बसवले म्हणजे घरघर येत नाही, ते पेटीला भोकं पाडायच्या आधीच त्याने हेडफोन लावून शोधलं होतं. मग नेहमीसारखे स्वरही स्वतःच्या कानांनी जुळवले. त्याला श्रवणयंत्र लागलं होतं, पण गाणं ऐकताना तो ते काढून खिशात टाकी. कानात यंत्र घालूनच ऐकायचं तर व्हॉल्व्हच्या मागे कशाला लागायचं, असं त्याचं म्हणणं.

व्हॉल्व्ह तापून केशरी झाले. रेकॉर्डवर एक बाई व्हायोलिनच्या साथीत गात होती. डेन्झिल गुडघ्यांवर हात ठेवून मर्व्हिन पास्कोकडे बघत होता. मर्व्हिन त्याचा जुना दोस्त, आणि जिभेला हाड नसलेला. काही वर्षांपूर्वी डेन्झिलच्या एका अ‍ॅम्प्लिफायरला त्याने भिजलेलं घोंगडं म्हटलं होतं, आणि डेन्झिलने घरी जाऊन तो सगळा उसवून पुन्हा बांधला होता.

रेकॉर्ड संपली.

"छान आहे," मर्व्हिन म्हणाला.

"काय छान आहे?"

"सगळंच. चहा घेणार का?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. कोणी तारांचं कौतुक केलं, कोणी पेटीच्या रंगाचं. चहा तसाच टाकून डेन्झिलने अ‍ॅम्प्लिफायर उचलला आणि गाडीत ठेवला.

घरी आल्यावर तो अ‍ॅम्प्लिफायर घेऊन थेट मागच्या खोलीत गेला आणि भिंतीवरची हत्यारं काढून खोक्यात भरू लागला. त्याची बायको ग्लेनिस दारात येऊन उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"आवरतोय. मर्व्हिनला देऊन टाकतो सगळं. मी मेलो त्यांच्या लेखी. 'छान आहे' म्हणाला तो. मला! रंग छान आहे म्हणे."

ग्लेनिसने येऊन खोक्यातला सोल्डरिंगचा कैया उचलला आणि हातात धरून ठेवला.

"मीच फोन केला होता मर्व्हिनला," ती म्हणाली. "म्हटलं, आधीच कानांमुळे खचलाय, यावेळी काही बोलू नका."

"काही बोलू नका म्हणजे? बोलण्यासारखं काय होतं?"

"डेन्झिल, ते टोचतं रे कानाला. ती बाई गाते तेव्हा तिचा प्रत्येक 'स' तव्यावर पाणी पडल्यासारखा चरचरतो. व्हायोलिन तर सुया टोचल्यासारखं. हाच नाही, मागचाही तसाच होता. तुला बारीक, वरचे सूर ऐकू येत नाहीत, म्हणून तू ते येईपर्यंत वाढवत बसतोस. जिभेला मीठ कळेनासं झालं आणि सूप मात्र स्वतःच चाखून करायचं, तसं झालंय तुझं."

"आणि तू गप्प राहिलीस."

"दोन हिवाळे. तू रेकॉर्ड लावलीस की मी कपडे वाळत घालायला पळते. इतके कपडे आहेत कुठे आपल्याकडे?"

डेन्झिल स्टुलावर बसला. त्याला राग आला होता, आणि कोणावर ते कळत नव्हतं. मग त्याने ग्लेनिसच्या हातातून कैया घेतला.

"ती खुर्ची घे आणि स्पीकरसमोर बस," तो म्हणाला. "बोलू नकोस. तू खोटं बोलतेस. मी तुझ्याकडे बघतो."

वरच्या सुरांना आवर घालणारा कपॅसिटर शेंगदाण्याएवढा असतो. डेन्झिलने पेटी उघडली, आत साठलेली वीज उतरू दिली, तो काढून जरा मोठा बसवला आणि पुन्हा रेकॉर्ड लावली. ग्लेनिसच्या कपाळावर आठ्या होत्या. त्याने आणखी मोठा लावला. आठ्या कमी झाल्या, पण खांदे अजून वर ओढलेले. पुढचा लावला तेव्हा तिचा चेहराच विझला. हा फार झाला, त्याने ओळखलं. त्याच्या स्वतःच्या कानांना या सगळ्यात काडीचाही फरक कळत नव्हता. त्याने त्या शेवटच्या दोहोंच्या मधला एक शोधून लावला, आणि बघितलं तर ग्लेनिसने खुर्चीला पाठ टेकली होती. तिचे ओठ त्या बाईबरोबर हलत होते.

डेन्झिलला भरून आलं. तारा जोडायला लागल्यापासून आपण कानाने ऐकतो आहोत असंच त्याला वाटत आलं होतं, आणि समोर बसलेला हा चेहरा त्याने कधी वाचलाच नव्हता. कान गेले तरी हिने आपल्याला सोडलं नाही, उलट टोचणारं सगळं निमूट सोसलं, याचे उपकार कसे फेडायचे हे त्याला कळेना.

रविवारी चर्चनंतर त्याने मर्व्हिनला बोलावून घेतलं. मर्व्हिन मांस-बटाटे भरलेल्या गरम पेस्ट्यांचा पुडा घेऊन आला आणि चोरासारखा बसला. डेन्झिलने रेकॉर्ड लावली. ती संपेपर्यंत मर्व्हिनने पेस्टीला हात लावला नाही.

"आता खरं बोल," डेन्झिल म्हणाला.

मर्व्हिनने ग्लेनिसकडे बघितलं. तिने मान हलवली.

"खालचे सूर सैल पडलेत," मर्व्हिन म्हणाला. "आणि डावीकडे किंचित घरघर आहे. आणि हा रंग लेका... काल रंगाचं कौतुक करताना जीभ झडायची बाकी होती आमची."

"थँक यू, मर्व्हिन," डेन्झिल म्हणाला, आणि डोळे पुसायला त्याने चष्मा काढला.

तो रेकॉर्ड उचलून पाकिटात घालायला लागला.

"अरे, ठेवतोस काय?" ग्लेनिस खुर्चीतून न उठता म्हणाली. "दुसरी बाजू लाव."