कासवांच्या बेटावर जाणारी काहील

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी काहील आहे. कराडच्या एका लोहाराने मला ठोकून घडवले आणि वीस वर्षे मी कृष्णाकाठच्या गुऱ्हाळात उसाचा रस उकळला. गूळ चांगला उतरला की लोक माझेही कौतुक करायचे. पुढे सगळा ऊस कारखान्याला जाऊ लागला, गुऱ्हाळ बंद पडले आणि मी बांधाला पालथी पडून राहिले.

तिथून मला हरणाबाईंनी उचलले. नदीच्या मधोमध वाळूचे एक बेट होते. त्यांच्या लहानपणी तिथे कासवे अंडी घालत. वाळूचा उपसा सुरू झाला, बेट खरवडून निघाले आणि कासवे दिसेनाशी झाली. ती परत यावीत, एवढाच हरणाबाईंना ध्यास होता. त्यांचा धाकटा भाऊ आकाराम मला होडीसारखे वल्हवायचा. चार वर्षे आम्ही तिघांनी बेटाच्या कडेने नदीकाठी वाढणाऱ्या वाळुंजाच्या झाडाची रोपे लावली. मुळांनी वाळू धरली. यंदा थंडी सरताना त्या वाळूवर कासवाच्या पायांची नक्षी उमटली.

"आली रं, आकाराम," एवढेच म्हणून हरणाबाई खाली बसल्या.

पुढच्या आठवड्यात त्या लेकीकडे कवठे महांकाळला निघाल्या. "बेटाकडं ध्यान ठेव," त्या भावाला म्हणाल्या.

"निर्धास्त जा, आक्का."

त्याच दुपारी आकाराम फावडे घेऊन आला. मला वाटले, आम्ही राखणीला चाललो आहोत. बेटावर पोहोचल्यावर तो माझ्यात वाळू भरू लागला. तिसऱ्या खेपेला फावड्याखाली अंडी फुटली. तो जरासा थांबला आणि पुन्हा भरू लागला. ज्या पोटातून मी रोपे नेली, त्याच पोटातून त्याने माझ्याकडून बेट वाहून आणवले.

हरणाबाई परतल्या. माझ्या तळाला चिकटलेले पांढरे टरफल त्यांनी नखाने सोडवले.

"ह्ये कुठनं आलं?"

आकाराम खाली बघत म्हणाला, "माझ्या सूरजच्या घराला वाळू कमी पडली व्हती. लय न्हाई घेतली."

"पोराच्या घराला पायजे व्हती, तर मला इचारायचं."

"तू न्हाई म्हणली असतीस."

"व्हय. म्हणून मी जायाची वाट बघितलीस."

त्यांनी त्याच्या हातातले वल्हे काढून घेतले. आजवर त्यांनी मला कधी वल्हवले नव्हते. मी गोल गोल फिरले, त्या चिंब भिजल्या, पण बेटाला लागल्या. टोकाला एक घरटे वाचले होते. त्याभोवती त्यांनी बाभळीचे काटे लावले आणि रोज एकट्याच येत राहिल्या. एका सकाळी नऊ पिल्ले वाळूतून सरपटत पाण्यात गेली. पलीकडच्या काठावर आकाराम उभा होता. हरणाबाईंनी त्याला हाक मारली नाही.

मित्रांनो, मी लोखंड आहे. माझ्यात कोण काय भरतो, त्याला मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येते. कुणी विश्वासाने काही तुमच्या हाती सोपवले, तर ते पाठ फिरल्यावरही सांभाळा.