हवेली किती मजली?

फेब्रुवारी सरत आला की सरकारी संशोधन शेतावरच्या बायका एकमेकींना खुशाली विचारत नसत, ‘मंजुरी आली का?’ असं विचारत. जबलपुराबाहेरच्या त्या शेतावर इंग्रजी अमदानीत गव्हावर, हरभऱ्यावर, मातीवर शोध चालत, पण त्यांचा पैसा दिल्लीच्या एका मंडळाकडून वर्षाच्या बोलीवर यायचा. मार्चात मंजुरी आली तर पुढचं वर्ष आपलं. नाही आली तर प्रयोग बंद, पगार बंद, क्वार्टर खाली करा. शोध लागायला दहा वर्षं लागोत की वीस, सरकारचा धीर बारा महिन्यांचाच असतो.

अंजनीचा नवरा रामकृष्ण हरभऱ्याच्या मर रोगावर काम करत होता. चांगलं हिरवंगार झाड उभ्या उभ्या वाळून जातं ते कशानं, हे शोधण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. माणूस मूळचा आर्वीकडचा, स्वभावानं गरीब गाय. कुणी विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर गप्प बसायचं, एवढंच त्याचं राजकारण. उरलेलं राजकारण अंजनीला करावं लागे, आणि तिची त्याला मुळीच हरकत नव्हती.

शेजारच्या क्वार्टरात विष्णुपंत आणि त्यांची बायको वसुधा राहत. विष्णुपंतांची योजना गव्हाची. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत नर्मदेकाठी आले ते इथलेच झाले. शहपुऱ्याजवळ त्यांची वडिलोपार्जित हवेली होती.

आता इथं थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. हवेली म्हटलं की तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे दगडी चिरे, कमानी आणि दिंडी दरवाजा उभा राहतो. जबलपुराकडे हवेली म्हणजे शेत. काळ्या जमिनीला चहूबाजूंनी मातीचे उंच बांध घालायचे, पावसाळाभर आत पाणी कोंडून ठेवायचं, दसऱ्याच्या सुमाराला बांध फोडून ते सोडायचं आणि त्या ओलीवर गहू पेरायचा. श्रावणात पाहाल तर तळं, माघात पाहाल तर गहू. कोंडलेल्या पाण्यानं मातीत नेमकं काय होतं, हे विष्णुपंत शोधत होते. इथल्या शेंबड्या पोरालाही हवेली ठाऊक, त्यामुळे हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागेल असं कुणाच्या स्वप्नातही येत नसे.

तर या हवेलीपायी अंजनी जळत होती. रामकृष्णाची मंजुरी हुकली की त्यांच्या डोक्यावरचं छप्परच जायचं. विष्णुपंतांची हुकली तर वसुधा बैलगाडी जुंपून शहपुऱ्याला जाणार आणि घरच्या गव्हाची पोळी खाणार. म्हणून वसुधा मार्चातसुद्धा गाढ झोपते, असा अंजनीचा पक्का समज होता. मंजुरी येईपर्यंत अंजनी पापडाचं पीठ भिजवत नसे, न जाणो, वाळत टाकले आणि बोचकं उचलायची वेळ आली तर. वसुधाच्या अंगणात मात्र होळीच्या आधीच खाटा भरभरून पापड. त्यात संक्रांतीला तिनं हवेलीचा पायलीभर गहू आणून दिला. त्याच्या पोळ्या इतक्या मऊ झाल्या की प्रत्येक घासाला अंजनीच्या अंगाचा तिळपापड झाला. रामकृष्णानं दोन जास्तीच्या मागितल्या तेव्हा तर तिनं तवाच आपटला.

त्या साली बातमी आली की दिल्लीच्या मंडळाचा हात आखडला आहे. गहू आणि हरभरा, दोनांतली एकच योजना चालू राहणार. कोणती, ते ठरवायला पुण्याचे बापूसाहेब येणार. हे मंडळावरचे हिशेबातले माणूस. शेतीशी त्यांचा संबंध ताटात वाढलेल्या अन्नापुरताच. सरकारी विश्रामगृहातलं त्यांना चालत नसे, म्हणून दुपारचं जेवण विष्णुपंतांकडे आणि गाडीच्या आधीचा चहा रामकृष्णाकडे, असं ठरलं.

‘‘जेवण त्यांच्याकडे काहून?’’ अंजनीनं विचारलं.

‘‘त्यांच्याकडे चांदीचं ताट आहे,’’ रामकृष्ण म्हणाला. खरं बोलायची त्याला खोडच होती.

बापूसाहेब आले. पायाला वाताचा त्रास, म्हणून टांग्यातूनच त्यांनी सगळं शेत पाहिलं. विष्णुपंत टांग्याबरोबर चालत हवेलीचा गहू, हवेलीचं पाणी, हवेलीवाल्या शेतकऱ्यांचा फायदा असं घसा कोरडा होईपर्यंत बोलले. बापूसाहेब ‘हं, हं’ करत राहिले. एवढ्या मोठ्या माणसानं शब्दाचा अर्थ विचारायचा म्हणजे काय. त्यात माघाचे दिवस, हवेलीत पाण्याचा थेंब नाही, नुसता गहू डुलत होता. मग रामकृष्णाची पाळी आली. त्यानं वाळलेली चार झाडं उपटून मुळं दाखवली आणि विचारलं तेवढं सांगून तो गप्प झाला. अंजनी खिडकीतून पाहत होती. हा माणूस आपल्याला शेवटी आर्वीची गाडी दाखवणार, याविषयी तिला शंका उरली नाही.

दुपारी शेजारून वरणभाताचा आणि तुपाचा वास आला, हसण्याचे आवाज आले. अंजनी आपल्या ओट्यावर पोहे निवडत बसली होती. त्या हसण्यातलं प्रत्येक हसणं आपल्याच संसारावर आहे असं तिला वाटत होतं.

संध्याकाळी बापूसाहेब चहाला आले. रामकृष्ण सामान टांग्यात नीट लावायला बाहेर गेला. अंजनीनं पोह्यांची बशी पुढे ठेवली आणि ती दाराशी आडोशाला उभी राहिली. म्हाताऱ्या माणसाशी दोन शब्द बोलायला हरकत नव्हती, आणि ते दोन शब्द तिनं दुपारपासून जिभेवर घोळवून ठेवले होते.

‘‘शेजारी जेवण झालं ना जी बरोबर?’’

‘‘उत्तम. सुगरण आहेत बाई.’’

‘‘हो ना. त्यांना काय कमी आहे. योजना राहो की जावो, शहपुऱ्याला हवेली आहे ना त्यांची.’’

बापूसाहेबांचा हात बशीवरच थांबला. ‘‘विष्णुपंतांची स्वतःची हवेली आहे?’’

‘‘आजोबा-पणजोबापासून.’’

‘‘असं होय.’’ बापूसाहेबांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. ‘‘म्हणून सकाळपासून हवेलीवाल्यांचा फायदा, हवेलीवाल्यांचा फायदा. आणि किती मजली आहे?’’

अंजनीला प्रश्नच कळला नाही. शेताला कसले मजले? मग तिच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. हा पुण्याचा माणूस दिवसभर वाडा समजून बसला होता. विष्णुपंत बांधाचं आणि पाण्याचं सांगत होते, आणि ह्याला वाटत होतं की सरकारी पैशातून श्रीमंतांच्या वाड्यांना गहू पुरवायची ही खटपट आहे.

एक वाक्य पुरलं असतं. ‘हवेली म्हणजे शेत हो, बापूसाहेब.’ ते वाक्य अंजनीच्या ओठांपर्यंत आलंही. पण तिला खाटांवर पसरलेले पापड दिसले, दुपारचं हसणं ऐकू आलं, आणि तिनं ते वाक्य आवंढ्याबरोबर गिळून टाकलं.

‘‘मजल्यांचं माहीत नाही जी,’’ ती म्हणाली, ‘‘पण मोठी आहे खूप. या टोकाला उभं राहिलं तर ते टोक नजरेत येत नाही.’’

‘‘अरे वा.’’

एवढ्यावर थांबली असती तर बाजी तिचीच होती. अक्षरही खोटं नाही, आणि काम फत्ते. पण मत्सराला पोटभर असं काही नसतंच. त्याला वर आणखी एक घास लागतो.

‘‘पावसाळ्यात तर अशी भरते,’’ अंजनी म्हणाली, ‘‘की आत होडी घालावी.’’

बापूसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, पोह्यांकडे पाहिलं, आणि ते खाऊ लागले. तेवढ्यात टांगा तयार असल्याचं सांगत रामकृष्ण आत आला.

नवरा साहेबांना स्टेशनवर पोचवायला गेला आणि अंजनी घरात एकटीच हसली. तिनं दिवा लावला, देवापुढे साखर ठेवली. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती.

रामकृष्ण परतला तो पायाला धूळ आणि तोंडावर आनंद घेऊन. असा आनंद त्याच्या तोंडावर एखाद्या झाडाच्या मुळांत किडलेलं काही सापडलं तरच दिसायचा.

‘‘मजाच झाली आज,’’ टोपी खुंटीला अडकवत तो म्हणाला. ‘‘टांगा कमानिया गेटपाशी आला अन् साहेब म्हणाले, तुमच्या मंडळी सांगून राहिल्या होत्या की विष्णुपंतांच्या हवेलीत पावसाळ्यात होडी चालते. गळते की काय एवढी? मला तर हसूच आवरेना. मी म्हटलं, साहेब, हवेली म्हणजे तुम्ही काय समजून राहिले?’’

अंजनीच्या हातातली पळी तशीच राहिली. ‘‘मग?’’

‘‘मग काय, सांगितलं सगळं. बांध कसा घालतात, पाणी किती दिवस ठेवतात, तण कसं मरून जातं, विष्णुपंतांनी मातीचं काय काय मोजून ठेवलं आहे. गाडी उशिरा होती, तर फलाटावर मातीत काडीनं काढून दाखवलं. साहेब खाली बसून पाहून राहिले होते, वाताचा पाय विसरून. म्हणाले, हे आधी कुणी सांगितलं नाही, मी तर नकार देणार होतो.’’

‘‘अन् आपल्या मर रोगाचं?’’

रामकृष्ण क्षणभर गोंधळला. ‘‘ते राहूनच गेलं. गाडी आली.’’

‘‘तुम्ही काहून सांगितलं त्यांना हवेलीचं?’’ अंजनीचा आवाज चिरकला.

‘‘विचारलं म्हणून सांगितलं,’’ तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं की ती का रडते आहे. ‘‘तूच तर होडीची गोष्ट काढली होतीस. ती नसती काढली तर त्यांनी विचारलंही नसतं.’’

त्या दिवसापासून अंजनीनं विहिरीवर जायची वेळ बदलली. वसुधा समोर दिसली की तिला त्या बाईचा नव्हे, आपल्या जिभेचा राग यायचा, आणि तो राग कुठं काढायचा हे कळत नसल्यानं शेवटी तो वसुधावरच निघायचा. नवऱ्याला तिनं खरं सांगितलं नाही. त्यानं ते समजून घेतलं असतं, आणि तेवढं तिला सोसलं नसतं.

मार्चात निकाल लागला. गव्हाला तीन वर्षांची मंजुरी एकदम, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. हरभरा बंद. रामकृष्ण ऑफिसातून आला, आपल्या प्रयोगाच्या कुंड्यांजवळ जाऊन बसला, आणि बराच वेळ उठला नाही. अंजनीनं माळ्यावरची ट्रंक खाली ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसुधा आली. हातात झाकलेली वाटी, डोळे सुजलेले. रात्रभर रडलेली दिसत होती. अंजनीनं मनाची तयारी केली. मिरवायला आली असेल तर मिरवू दे. शेजारणीचा तोरा सोसायची सवय तिला होती.

‘‘अंजनीबाई, ट्रंक उघडू नका,’’ वसुधा म्हणाली. ‘‘योजनेत एका असिस्टंटची जागा निघाली आहे. यांनी शेतावरच्या साहेबांना साफ सांगितलं, रामकृष्णजी असतील तरच मी काम करीन. पगार तेवढा नाही, पण क्वार्टर राहील. अन् हरभऱ्याच्या कुंड्या एका कोपऱ्यात राहू देऊ, कोण पाहतंय.’’

अंजनीनं मनात हिशेब केला. म्हणजे आता नवरा विष्णुपंतांच्या हाताखाली, आणि आपली पोळी ह्यांच्या कृपेची. पायलीभर गहू तिच्या घशाखाली उतरला नव्हता, आता वर्षाचं धान्यच त्या हातून येणार होतं.

वसुधा जवळ सरकली. ‘‘हमको तो सब मालूम है। रामकृष्णजींकडून यांना कळलं सगळं. तुम्ही त्या साहेबांपुढे आमच्या हवेलीची गोष्ट काढली म्हणून त्यांना समजलं. स्वतःची योजना डुबत असताना कोण काढतं दुसऱ्याची गोष्ट? शहपुऱ्याला आम्ही गेलो असतो तर दिरांच्या दारात तुकडे मोडत बसलो असतो. नाव आमचं आहे, हवेली पिकवतात ते. संक्रांतीपासून मला झोप नव्हती, बाई. हात रिकामा ठेवला की रडू यायचं, म्हणून पापड लाटत बसायची.’’

इतकी वर्षं जिचा हेवा केला, ती बाई जगात नव्हतीच. आणि जी होती, ती आभार मानत समोर उभी होती. तो तोरा सोसला असता, हे सोसेना. एकदाचं सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं, मग घालवू देत क्वार्टरातून.

‘‘वसुधाताई,’’ ती खाली मान घालून म्हणाली, ‘‘मी ते तुमच्या भल्यासाठी नव्हतं सांगितलं. मला तुमचं वाईट व्हायला पाहिजे होतं.’’

वसुधानं वाटी ओट्यावर ठेवली आणि अंजनीचे दोन्ही हात धरले.

‘‘मला संकोच वाटू नये म्हणून असं बोलून राहिल्या ना?’’ ती म्हणाली. ‘‘केवढं मोठं मन आहे हो तुमचं.’’

अंजनीनं ट्रंक पुन्हा माळ्यावर ठेवली. ते मोठं मन आता तिला तीन वर्षं तरी सांभाळायचं होतं, वसुधाच्या शेजारी राहून.