उत्तर कार्डावर पाठवा

कोरं पोस्टकार्ड पुस्तकातून घसरून ढुंढिराजांच्या मांडीवर पडलं आणि त्याच वेळी जिन्यावर गल्लीतल्या रंगनाथरावांचा खोकला ऐकू आला. ढुंढिराजांनी कार्ड घाईनं पुन्हा पानांत सारलं. आठ वर्षं ते असंच एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात फिरत होतं. खूण म्हणून ठेवलंय, असं ते बायकोला, मालिनीबाईंना सांगत. खरं तर ते यशश्रीच्या पत्राचं उत्तर होतं. फक्त त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

यशश्री ही रंगनाथरावांची थोरली मुलगी. लहानपणी ती पंचवटीतल्या वाचनालयात रोज पुस्तक बदलायला यायची, आणि तिथले ग्रंथपाल ढुंढिराज तिच्यासाठी नवी पुस्तकं टेबलाच्या खणात लपवून ठेवायचे. तिच्या लग्नातली मंगलाष्टकं त्यांनीच रचली होती. गल्लीतल्या सगळ्याच मुलींची ते रचत. बदल्यात नारळ आणि पेढे घरी येत. लग्नाला मात्र ते स्वतः कधी जात नसत. माईकवरून आपलेच शब्द ऐकायचे म्हटलं की त्यांच्या तळहातांना घाम सुटे.

लग्नाला वर्ष होतंय तोवर इंदिरानगरहून तिचं पत्र आलं. गावातल्या गावात, पण पोस्टानं.

‘इथे सगळे चांगले आहेत,’ तिनं लिहिलं होतं. ‘कोणी आवाज चढवत नाही. तुमचं मंगलाष्टक सासऱ्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावलं आहे, फोनच्या वरच्या भिंतीवर. मी काही बोलायला लागले की सासूबाई तिकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, फुलं द्यायची गं, फुलं. सगळे हसतात. मीही हसते. माझा बी.एड.चा फॉर्म तसाच हसण्यावारी गेला. काका, ते तुम्ही लिहिलं आहे. याचा अर्थ असा नाही, एवढं तुम्हीच दोन ओळींत लिहाल का? तुमचं इथे सगळे ऐकतील. उत्तर कार्डावर पाठवा. म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.’

त्याच संध्याकाळी ढुंढिराजांनी कार्ड आणलं. ‘याचा अर्थ असा नाही’ असं लिहून पुढं खरा अर्थ लिहायचा, एवढंच काम होतं. त्यासाठी त्यांनी ते कडवं काढून पुन्हा वाचलं.

बोले कोणि कटू, तरी हसुनि तू द्यावी फुले ओंजळी
माहेरी न कधी दिसो नयनिच्या पाण्यातली काजळी

वृत्त कुठं अडखळत नव्हतं. ओंजळीला काजळी सहज भेटली होती. ती सुचली तेव्हा आपण चहा गार होऊ दिला होता, हेही त्यांना आठवलं. मुलीचं भलं व्हावं, तिच्या डोळ्यांना पाणी येऊ नये, याच भावनेनं लिहिलं होतं. त्यांनी कडवं वरून वाचलं, खालून वाचलं. दुसरा अर्थ काही सापडेना. मग दुसऱ्याच्या संसारात आपण कोण बोलणार, असं मनाशी म्हणत त्यांनी कार्ड पुस्तकात ठेवलं. पुस्तक मोठं होतं. ते संपेपर्यंत बी.एड.ची मुदत टळून गेली होती.

"पंत, आहात ना? कुठं जाणार म्हणा तुम्ही!" रंगनाथराव हाशहुश करत खुर्चीत बसले. "आमच्या छायाचं जमलं. सिंहस्थ लागला की मुहूर्त नाहीत. मे महिन्यातच उरकून टाकतोय."

त्यांची धाकटी, छाया, दारात सँडल काढत होती. ती कॉलेज रोडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि स्वतःच्या स्कूटीवरून यायची-जायची.

"काका, माझ्या नावाला यमक शोधून ठेवा," ती म्हणाली. "माया, काया चालेल. वाया तेवढं नको."

"तू कशाला वाया जातेस!" मालिनीबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. "पगार किती गं आता?"

"काकू, मुलाकडच्यांनीसुद्धा पहिल्यांदा हेच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं, स्वयंपाक येतो ना."

"मग?"

"म्हटलं, त्याला येतो का? तर सगळे हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय."

रंगनाथरावही हसले. मग पुढं सरकून त्यांनी ढुंढिराजांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थोरलीचं होतं तसंच पाहिजे, पंत. ते ओंजळीचं कडवं तर पाहिजेच. तुम्हाला सांगतो, नऊ वर्षं होतील आता, पण पोरगी एकदाही डोळ्यांत पाणी घेऊन माहेरी आली नाही. तुमच्या शब्दाला जागली."

मालिनीबाई तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. पेल्यात पाणी ओतायचं राहून गेलं.

"ताईला काहीही विचारलं की ती हसते," छाया म्हणाली. "मी विचारलं, लग्नानंतर नोकरी सोडायला लावतील का गं? हसली. म्हटलं, हो की नाही ते सांग ना. तर परत हसली."

"सुखात असलेलं माणूस हसणारच."

"बाबा, सुखात असलेलं माणूस मधूनच चिडतंसुद्धा. तुम्ही नाही का चिडत?"

"बघा, ही अशी आहे," रंगनाथराव कौतुकानं म्हणाले. "म्हणूनच ते कडवं हवंय. आणि माईकवर म्हणणार आहे यशश्रीच. थोरल्या बहिणीनं धाकटीला म्हणायचं. गळा काय गोड आहे तिचा!"

ढुंढिराजांनी तळहात धोतराला पुसले. "नवं लिहितो," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की रंगनाथरावांना तेच पुन्हा वदवून घ्यावं लागलं.

"नवं? लिहा की. तुम्ही लिहाल ते चांगलंच."

दोन दिवस ढुंढिराज खिडकीशी बसून होते. खाली भाजीबाजारातून परतणाऱ्या हातगाड्या जात. आजवर किती मुलींना काय काय सांगितलं, ते आठवत बसायचा त्यांनी प्रयत्न केला आणि लगेच सोडून दिला. जास्वंद हो, समई हो, सावली हो. जावयाला काय सांगितलं, ते आठवायला गेलं तर काहीच सापडलं नाही. त्याला बिचाऱ्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी रंगनाथराव एकटेच आले, तेव्हा कागद तयार होता.

रंगनाथरावांनी तो हातभर लांब धरून मोठ्यानं वाचला.

"जेव्हा कोणि कटू तिला वदतसे, तेव्हा उभा राहि तू... माहेरी अपुल्या जशी हसतसे, तैशी इथे पाहि तू." ते थांबले. "हे कुणाला? नवरदेवाला?"

"हो."

"‘उभा राहि तू.’ कुणापुढं उभं राहायचं त्यानं? आईपुढं?"

ढुंढिराज चष्मा पुसू लागले.

"पंत, मुलाकडची माणसं समोरच बसलेली असतात. मांडवात हशा होईल. आणि नाही झाला, तर ते आणखी वाईट." त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी परत दिली. "दमलात तुम्ही. नका त्रास घेऊ. जुनंच छापून घेतो, नुसतं नाव बदलतो. पण एक अडचण आहे. ‘यशश्री’च्या जागी ‘छाया’ घातलं की ओळ लंगडते. काल म्हणून पाहिलं मी."

"आधी ‘हि’ घाला, ऱ्हस्व. बसेल," ढुंढिराज म्हणाले.

रंगनाथरावांनी बोटांवर ओळ म्हणून पाहिली. बसली.

"याला म्हणतात विद्या!" ते खूश होऊन उठले आणि जिना उतरून गेले.

मालिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"ऱ्हस्व," त्या म्हणाल्या.

"तोंडातून गेलं."

"बाकीचं का नाही हो गेलं तोंडातून?"

मालिनीबाई आल्या, ढुंढिराजांच्या शेजारचं पुस्तक उचललं आणि त्यातून कार्ड काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"खूण म्हणे. पोरीचं पत्र मी त्याच आठवड्यात वाचलं होतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"आपल्या लग्नातली मंगलाष्टकं कुणी रचली होती, आठवतं?"

"तुझ्या मामांनी."

"त्यांतही फुलंच होती," मालिनीबाई म्हणाल्या.

ढुंढिराजांनी घडी घातलेला कागद उलगडला.

"यशश्रीलाच पाठवतो हे. माईक तिच्याच हातात असणार. छापलेलं बाजूला ठेवून तिनं हे म्हणावं."

"म्हणजे तोंड उघडायचं ते पुन्हा तिनंच."

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. भाजीत मीठ कमी आहे, असं सांगावं तसं बोलल्या आणि आत गेल्या. ढुंढिराजांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग लहान अक्षरात लिहायला घेतलं.

‘चि. यशश्रीस अनेक आशीर्वाद. उत्तराला फार उशीर झाला. तू सांगितलंस तसं मला लिहिता येत नाही. तुमच्या घरी त्या कडव्याचा जो अर्थ काढतात, तोच त्याचा अर्थ आहे. ते मी लिहायला नको होतं. फ्रेम भिंतीवरून उतरवावी, अशी घरातल्या सर्व मंडळींना माझी विनंती. छायाच्या लग्नात म्हणायला दुसरं कडवं खाली देत आहे. तुझ्या बाबांना ते पसंत नाही. मी मांडवात येईन आणि माईकजवळ उभा राहीन. तुला म्हणवलं नाही, तर मी म्हणेन. माझा गळा कसा आहे, तुला माहीत आहे.’

खाली त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि पूर्ण नावानिशी सही केली. एवढ्या मजकुरात पत्त्याची बाजूही अर्धी भरली.

सकाळी पोस्टात गर्दी होती. जुन्या कार्डाला आता वरून आणखी तिकीट लावावं लागत होतं. खिडकीतल्या बाईंनी तिकीट चिकटवण्यासाठी कार्ड हातात घेतलं. त्यांची नजर सवयीनं मजकुरावरून फिरली, मग थांबली. त्यांनी कार्ड उलटं करून बाकीचंही वाचलं. मागून कुणीतरी, "बाई, आवरा ना लवकर," म्हणालं.

"आजोबा," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "पाकीट देऊ का? हे असंच गेलं तर सगळे वाचतील हो."

"वाचू देत," ढुंढिराज म्हणाले.

आवाज जरा मोठाच निघाला. रांगेतल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. ढुंढिराजांनी कार्ड घेतलं, तळहात धोतराला पुसला आणि दाराबाहेरच्या लाल पेटीत ते टाकलं.